बियाण्याचं पोतं भिजलं, तिथनं शेडचा विषय निघाला

2024 च्या जूनमध्ये आईनं पेरणीसाठी बासमतीच्या बियाण्याचं पोतं सोडलं, आत हात घातला आणि तशीच थांबली. मी बाजूलाच कुरी साफ करत बसलेलो. म्हणाली, "खालनं गरम लागतंय रे." हात बाहेर काढला तर तळहाताला भाताचे दाणे चिकटलेले आणि प्रत्येक दाण्याला पांढरं बारीक मूळ फुटलेलं. पोत्याचा वरचा अर्धा भाग कोरडा आणि खालचा भाग पोत्यातच उगवून आलेला. बेळगाव बासमतीचं आमच्या घरचं बियाणं ते, दरवर्षी आई शेतातल्या चांगल्या लोंब्या बघून वेगळं काढते, दुकानात जाऊन असलं मिळत नाही. त्या वर्षी दादानं पाहुण्यांकडनं बियाणं आणून पेरलं पण आई दोन दिवस नीट जेवली नाही, ते मी विसरलो नाही.

आमचं घर बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव भागात. घराच्या मागं परडं आहे, साधारण दीड गुंठा, त्यात एक विहीर, दोन नारळ, शेवगा आणि मागच्या भिंतीला टेकून आबांच्या काळातलं छप्पर. लाकडी वासे, वर मंगळुरी कौलं आणि पुढच्या बाजूला नंतर कधीतरी घातलेले सिमेंटचे पत्रे. शेतीचं सगळं सामान, औषध मारायचा पंप, युरिया, भाताची पोती, जळण, पोरांच्या जुन्या सायकली, सगळं त्यातच. बियाणं भिजल्यावर आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा कौलांनाच दोष दिला. दादा शिडी लावून वर चढला, एकेक कौल हलवून बघितलं, कुठं फुटलेलं नाही, वासे पण कोरडे. मग मी पोतं बाजूला सारून खालच्या जमिनीला हात लावला तर सारवलेली जमीन थंडगार ओली, बोट दाबलं की खड्डा पडत होता. पाणी वरनं आलंच नव्हतं, खालनं आलेलं. ही गोष्ट आधी कळली म्हणून पुढचं सगळं काम वेगळं झालं, नाहीतर आम्ही नुसते वर नवे पत्रे घालून मोकळे झालो असतो आणि पुढच्या वर्षी परत तेच.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये कामाला आहे, माप घेतल्याशिवाय काम सुरू करायची सवय नाही. त्यामुळं ठरवलं की नवी शेड उन्हाळ्यात बांधायची पण प्लॅन पावसातच करायचा. जुलैमध्ये पाऊस जोरात असताना छत्री घेऊन परड्यात जाऊन उभा राहायचो, पाणी कुठनं येतंय, कुठं साठतंय, कुठनं बाहेर जातंय ते बघायला. आई मागच्या दारातनं ओरडायची, "काय करूलालास रे पावसात?" पण त्या चार-पाच फेऱ्यांत जे कळलं ते उन्हाळ्यात कुणालाच सांगता आलं नसतं. वरच्या गल्लीचं पाणी शेजारच्या आप्पांच्या कुंपणाखालनं आमच्या परड्यात येतं, शेवग्यापाशी साठतं आणि मग जुन्या छपराच्या पायाला घासून मागच्या ओढ्याकडं जातं. म्हणजे आमचं छप्परच पाण्याच्या वाटेत बसलेलं. मी जिथपर्यंत पाणी चढलं तिथं विटेचे तुकडे ठेवून खूण केली, सगळ्यात जास्त 4 इंच भरलं. पण आप्पा म्हणाले, एवढ्यावर जाऊ नको, 2019 च्या ऑगस्टला मार्कंडेय नदीला पूर आलेला तेव्हा हे परडं सगळं एक झालेलं, आणि त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवरची त्या वेळची खूण दाखवली. ती आमच्या जमिनीपासनं 11 इंच भरली. मग प्लिंथ, म्हणजे जोत्याची उंची, 15 इंच ठेवायची हे तिथंच ठरलं.

जागा बदलली. जुन्या छपराची जागा सोडून विहिरीच्या उलट्या बाजूला, जिथं जमीन थोडी उंच आहे तिथं. आप्पांच्या कुंपणापासनं 3 फूट सोडून, म्हणजे मागनं माणूस जाऊन रंग मारू शकेल, गटार साफ करू शकेल.

साइज कशी ठरवली ते सांगतो कारण इथं बहुतेक जण चुकतात असं मला वाटतं. आधी ठरवतात 10 बाय 10 किंवा 12 बाय 12 आणि मग त्यात सामान कोंबतात. आम्ही दिवाळीनंतर सुगी संपल्यावर एका रविवारी छपरातलं सगळं सामान बाहेर अंगणात काढलं, खरंच सगळं, आणि जसं ठेवायचं तसं जमिनीवर मांडलं. भाताची पोती एका बाजूला, त्यांच्या मागं हात जाईल एवढी जागा, पंप आणि पाईपची गुंडाळी, कुदळ-खोरी-टिकाव उभी, कुरी आणि कोळपी, दादाच्या पॉवर टिलरची जागा, मधे माणसाला वळायला अडीच फूट. मग भोवतीनं चुन्याची रेघ मारली. ती भरली 10 बाय 14 फूट. आई तिथंच म्हणाली की औषधं आणि युरिया भाताच्या शेजारी नकोत, आणि ते बरोबरच आहे, युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या लोखंडाला गंज लवकर धरतो, औषधांचं तर सांगायलाच नको. म्हणून एका टोकाला 4 फुटाचा वेगळा कप्पा, त्याला बाहेरनं वेगळा दरवाजा आणि कुलूप, असं ठरलं. जळण आतच नको असं मी म्हणलं. ओलं जळण आत आणलं की ओल आत आणली.

ग्रामपंचायतीत जाऊन आलो. उतारा आईच्या नावावर आहे, कन्नडमधनं अर्ज लिहिला, नकाशाचा कागद जोडला आणि पोच घेतली. नकाशा मीच स्केलवर काढलेला. ज्यांना कन्नड लिहिता येत नाही त्यांनी गल्लीतल्या शाळेत जाणाऱ्या पोरांची मदत घ्यावी, आजकाल आमच्या मराठी घरातली पोरं छान कन्नड लिहितात, माझ्या पुतणीनंच माझ्या अर्जातल्या दोन चुका काढल्या.

मग मेस्त्रीमामांकडं गेलो. गवंडी म्हणून भागात त्यांचं नाव आहे, वय साठीच्या पुढं, हात अजून पक्का. रोजावर करायचं की गुत्त्यानं, म्हणजे कामाची एकच रक्कम ठरवून, ह्यावर थोडं बोलणं झालं. मी पाया आणि कोबा रोजावर दिला आणि भिंत गुत्त्यानं, कारण पाया करताना घाई नको होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली, शेडच्या जागेवर नारळ फोडला, मामांनी दोरी बांधली.

लायनिंगच्या, म्हणजे जागेवर माप आखायच्या दिवशी मी सुट्टी घेतलेली. मामांनी गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं साधन, लावून कोपरे काढले, खुंट्या मारल्या, म्हणाले झालं. मी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजले. 10 बाय 14 चा कर्ण 17 फूट अडीच इंच यायला पाहिजे. एक आला 17 फूट 5 इंच आणि दुसरा 17 फूट. मामांना थोडं लागलं असेल पण ते काही बोलले नाहीत, त्यांनी गुण्या उचलून बघितला, त्याचा एक जोड ढिला झालेला. परत दोरी मारली, परत मोजलं, दोन्ही कर्ण सारखे आल्यावर त्यांनी स्वतः चुना टाकला. पुढं पत्रे घालताना एकही पत्रा तिरका कापायला लागला नाही ते ह्या अर्ध्या तासामुळं.

खांबांसाठी सहा खड्डे, दीड फूट चौरस आणि दोन फूट खोल. आमच्याकडं तांबडी माती आहे, दीड फुटावर कडक मुरूम लागला त्यामुळं काळजी नव्हती. माझा मित्र येळ्ळूरचा आहे, त्यांच्याकडं काळी जमीन, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथं हेच काम करायचं तर काळी माती काढून मुरूम भरून ठोकावा लागतो आणि खड्डे पण जास्त खोल. दुसऱ्याची शेड बघून तसाच्या तसा पाया घेऊ नका, आधी स्वतःच्या जमिनीत खणून बघा.

खाली जांभ्याच्या चिऱ्याचं जोतं केलं, चिरे चंदगड बाजूनं आले. आत सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, 9 इंच, वर मुरूम, पाणी मारून ठोकणी केली. आणि इथं माझा आणि मामांचा एकच वाद झाला. मला कोब्याच्या खाली जाड काळं प्लास्टिक घालायचं होतं. मामा म्हणाले, "चाळीस वर्षं कोबा घालतोय, प्लास्टिक कुणी घातलेलं बघितलं नाही. सोलिंग हाय नव्हं खाली?" मी त्यांना छपरात नेलं, ज्या जागी पोतं होतं ती जागा दाखवली. मार्च महिना, बाहेर ऊन रणरणत होतं आणि ती जागा अजून गडद रंगाची होती. सोलिंगमधनं पाणी खाली निचरतं हे खरं आहे पण जमिनीतली ओल वर चढायची थांबत नाही, ती बारीक बारीक छिद्रातनं वर येतच राहते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. मामा वाकून बघत बसले थोडा वेळ, जमिनीला हात लावला आणि मग म्हणाले, "घालू या, पण फाटू द्यायचं नाही, खाली आधी बारीक वाळूचा थर देतो." हे मला सुचलं नव्हतं. मुरमाच्या टोकांनी प्लास्टिकला भोकं पडली असती. इंचभर एम सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, पसरली, लाकडानं लेव्हल केली, त्यावर प्लास्टिक, जोड एकमेकांवर फूटभर चढवून, कडेला भिंतीवर 6 इंच वर घेतलं. त्यावर 4 इंच काँक्रीट, सिमेंट, वाळू, खडी 1:2:4, सिमेंटची नऊ पोती गेली. दरवाजाकडं अर्धा इंच उतार ठेवला म्हणजे कधी धुतलं तर पाणी बाहेर जाईल.

पाणी मारायचं काम आईनं घेतलं. चिखलाची आळी करून पाणी भरून ठेवायची, वर ओली गोणपाटं. एप्रिलला विहीर खाली गेलेली तरी तिनं दहा दिवस एकदा पण कोबा सुकू दिला नाही, भांडी धुतलेलं पाणी पण बादलीतनं तिकडंच. आजपर्यंत त्या कोब्याला केसाएवढी पण भेग नाही आणि त्याचं श्रेय मी तिलाच देतो.

भिंत पूर्ण बांधायची नाही हे आधीच ठरलेलं. 3 फुटापर्यंत सॉलिड ब्लॉक, त्याच्या वर लोखंडी पाईपचा सांगाडा आणि पत्रा. खर्च कमी आणि उंदीर पण तळातनं आत येत नाहीत.

दरवाजा नवा घेतला नाही. आबांच्या जुन्या घराचा सागवानी दरवाजा माळ्यावर पडून होता, एका फळीला खाली थोडी वाळवी लागलेली. ती फळी 5 इंच कापून खाली जाड पत्र्याची पट्टी मारली. रंध्यानं घासल्यावर आतनं जो रंग आला आणि जो वास सुटला, सगळं घर बघायला आलं. त्याच्यावर आबांनी कोयत्यानं मारलेल्या आठ रेघा आहेत, एका वर्षी पाण्याच्या किती पाळ्या झाल्या त्याचा हिशोब, असं आई सांगते. त्या रेघा घासल्या नाहीत. जुनाच कडी-कोयंडा परत लावला. दरवाजा बाहेर उघडणारा आहे, आत उघडणारा केला असता तर पोत्यांची एक ओळ गेली असती. रुंदी 4 फूट. आधी साडेतीन ठरवलेली पण टिलर आत नेऊन बघायला म्हणून दोन बांबू रोवून त्यातनं ढकलला तर हँडल अडकलं, म्हणून वाढवली.

आता वरचं काम, जिथं आमचा जीव वर-खाली झाला.

एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेलं छप्पर, करायचं ठरलेलं. उंच बाजू पूर्वेला, तिकडंच दरवाजा, आणि उतार पश्चिमेला. आमच्याकडं पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडनं येतो, झडीचा पाऊस आडवा मारतो, मग त्या बाजूला पत्रा खाली असला की वारा वरनं निघून जातो आणि पाणी दरवाजात येत नाही. 10 फुटाला दीड फूट उतार. पत्रे कलर कोटेड, 0.5 एमएम, 12 फुटी, म्हणजे मधे जोडच नाही, एका पत्र्यात उतार संपतो. रुंदीला पाच पत्रे बसले. पत्र्याचे दर महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीला पण विचारले आणि बेळगावात पण, फरक फार नव्हता, मग वाहतूक धरून बेळगावातनंच घेतले. खांब 50 बाय 50 एमएमचे आणि पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो ते आडवे पाईप, 40 बाय 40 चे, दोन्ही 2 एमएम जाड. पाईप घेताना जाडी मोजून घ्या, जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर एक पाईप वजन करून बघा, 40 चा 2 एमएमचा 6 मीटर पाईप 14 किलोच्या आसपास भरला पाहिजे. मला पहिल्या दुकानात दाखवलेला पाईप 11 किलोच भरला आणि दुकानदार 2 एमएमच आहे म्हणत होता, तिथनं घेतला नाही.

वेल्डरभाऊ चंदगड तालुक्यातला, रोज सीमा ओलांडून बेळगावला कामाला येणारा, हात सुंदर. पण त्याच्याकडं त्या वेळी तीन कामं एकदम. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं सांगाडा उभा केला, रेड ऑक्साईड मारला, पत्रे चढवले आणि संध्याकाळी म्हणाला, दादा स्क्रू संपले, आता प्रत्येक पत्र्याला मधल्या पर्लिनवर तीन-तीन मारलेत, उद्या बाकीचे मारतो. मी पण हो म्हणलं. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कामावर गेला. आणि त्याच दिवशी साडेचारला वळीव उठला.

वळीव आमच्याकडं बहुतेक पूर्वेकडनं येतो. मी शेडची तोंडं पावसाळ्याच्या वाऱ्याचा विचार करून ठेवलेली, वळवाचा विचार केलाच नव्हता. आणि पूर्वेला काय, तर उंच बाजू, फूटभर बाहेर आलेला पत्रा आणि त्याच्या खालच्या पर्लिनवर एकही स्क्रू नाही. वारा सरळ त्याच्या खाली घुसला. मी कामावर होतो, आईनं बघितलं, ती सांगते की पत्र्यानं आधी दोन-तीनदा टाळी वाजवल्यासारखा आवाज केला आणि मग कडेचा पत्रा पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटला. मधले स्क्रू तसेच राहिले, पत्राच त्यांच्याभोवती फाटला. दुसरा पत्रा दुमडला. पोरं परड्यात खेळत असायची ती वेळ. त्या दिवशी नव्हती, एवढंच.

मी आलो तेव्हा गारा अजून वितळत होत्या. मी वेल्डरभाऊवर चिडलो नाही असं नाही, फोनवर आवाज चढला माझा. पण अर्धवट बांधलेलं छप्पर रात्रीला सोडायला मी पण हो म्हणलेलं आहे. एप्रिल-मे मध्ये आमच्या भागात पत्रे चढवणार असाल तर त्याच दिवशी कडेचे स्क्रू आधी मारून घ्या, मग मधले, आणि स्क्रू कमी पडले तर पत्रा खाली उतरवून ठेवा, दोरीनं बांधून पण भागत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर झाला, दोन नवे पत्रे आणले त्याचे अर्धे पैसे त्यानं दिले आणि पूर्वेच्या कडेला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारला, खालच्या बाजूनं पत्रा आणि पर्लिन धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी पण लावली.

तेव्हा मी पूर्ण दिवस त्याच्या बरोबर वर होतो. स्क्रूच्या खाली जो रबरी वॉशर असतो तो नुसता टेकवायचा असतो, मशीन जोरात दाबलं की रबर चपटं होऊन बाहेर येतं, दिसायला घट्ट दिसतं पण दोन उन्हाळ्यात ते तडकतं आणि तिथनंच थेंब सुरू होतात. आम्ही असे सतरा स्क्रू काढून परत मारले. आणि दुसरं म्हणजे लोखंडाचा चुरा. ड्रिल केल्यावर जो बारीक चुरा पडतो तो तसाच पत्र्यावर राहिला तर एका रात्रीच्या दवानं गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके पडतात. आमच्या मशीनवर रोज बघतो मी हे, म्हणून संध्याकाळी मऊ झाडू घेऊन सगळा पत्रा झाडला. तरी एका कोपऱ्यात राहिलं, तिथं आजही ठिपके आहेत. पत्रा कापायला पण ग्राइंडर लावू देऊ नका, ठिणग्यांनी कडेचा रंग जळतो, पत्रा कापायची कातरी वापरायला सांगा, वेळ लागतो पण लागू दे.

मिरगाच्या आत म्हणजे 7 जूनच्या आत सगळं सामान आत न्यायचं असा आमचा हिशोब. पण 2025 ला मान्सून 24 मे लाच केरळात पोचला आणि आमच्याकडं त्याच्या आधीपासनंच रोज पाऊस. जोत्याच्या बाहेरचं प्लास्टर राहिलेलं, उताराचा रॅम्प राहिलेला. पोती घरातल्या सोप्यात ठेवलेली, सगळ्यांना तिरकं होऊन चालावं लागत होतं. पावसाची उघडीप बघून बघून दोन दिवसांचं काम नऊ दिवसांत झालं. रॅम्प मुरूम आणि दगडाचा केला, 5 फूट लांब, टिलर एक माणूस चढवतो.

पश्चिमेच्या कडेला पन्हळ लावायची राहिलेली, म्हणलं बघू नंतर. पहिल्याच मोठ्या पावसात 16 फूट रुंद पत्र्याचं सगळं पाणी आप्पांच्या कुंपणाच्या बुडात पडायला लागलं, माती उडून त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर चिखल. 3 फूट सोडलेले तरी पत्रा फूटभर बाहेर आला की 2 फूटच उरतात हे मी कागदावर धरलंच नव्हतं. आप्पा भांडले नाहीत. सकाळी येऊन म्हणाले, "बाळा, तुझं पाणी माझ्याकडं आलंय, चहा पिऊन बघायला ये." मी त्याच दिवशी बेळगावला जाऊन 6 इंची पीव्हीसी पाईप आणला, मधनं उभा चिरला आणि पन्हळ केली, 4 फुटाला अर्धा इंच उतार, आणि शेवटाला पाईप जोडून पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं. चार-पाच हजारांचा बाजारातला गटर सेट लागला नाही. एकूण खर्च दोन वाया गेलेले पत्रे धरून 80 हजाराच्या आत बसला.

जुलैमध्ये रोज कामावरनं आल्यावर मी शेडमध्ये जाऊन कोब्याला तळहात लावायचो. कोरडा. पोत्यांखाली फळ्यांचे मांचे केलेत, जमिनीपासनं 6 इंच वर आणि भिंतीपासनं फूटभर लांब, तिथं पण हात घालून बघायचो. मेस्त्रीमामा एकदा येऊन स्वतः बघून गेले, आता ते दुसऱ्यांच्या कामाला पण प्लास्टिक सांगतात असं ऐकलं.

आणि एवढं सगळं झाल्यावर डिसेंबरमध्ये पोती वरनं भिजली.

थंडी बेळगावची तुम्हाला माहीत आहे. सकाळी सहाला आई भात काढायला गेली तर वरच्या पोत्यांवर थेंबांचे डाग. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. मी वर बॅटरी मारली, पत्र्याच्या आतल्या बाजूला सगळीकडं थेंब लटकलेले, थंड पाण्याचा तांब्या बाहेरनं ओला होतो ना, अगदी तसे. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षा पण थंड पडतो आणि आतली दमट हवा त्याला लागली की पाणी सुटतं. दमट हवा कुठनं आली, तर नव्या भातातनं. त्या वर्षी सुगीत पण दोनदा पाऊस झालेला, भात नेहमीएवढं वाळलं नव्हतं. आई दाताखाली दाणा धरते, कट्ट असा आवाज आला पाहिजे, ह्या वेळी तो आवाज थोडा मऊ आहे असं ती म्हणालेली आणि आम्ही घाईत पोती भरलेली. आणि मी शेड एवढी बंद केलेली, उंदीर नको, झड नको म्हणून, की हवा बाहेर जायला जागाच ठेवली नव्हती. जुन्या छपरात कौलांच्या फटीतनं ती जात होती. आई म्हणाली, "आमच्या कणगीला कधी असं झालं नाही, बांबूची होती, श्वास घ्यायची."

पोती सगळी बाहेर काढून चार दिवस ऊन दाखवलं. पत्र्याच्या खाली, दोन्ही बाजूच्या भिंतीला वरच्या टोकाला फूट बाय 2 फुटाची भोकं पाडून आत बारीक जाळी लावली, बाहेरनं पत्र्याची झाप तिरकी, म्हणजे पाऊस आत येत नाही. खालच्या बाजूला ब्लॉकच्या वर पण पश्चिमेकडं दोन लहान जाळ्या. खालनं हवा आत, वरनं बाहेर. त्यानंतर जानेवारीत मी पाच-सहा वेळा पहाटे जाऊन बघितलं, एकदाच थोडे थेंब दिसले, ते पण औषधांच्या कप्प्यात, जिथं जाळी घातली नव्हती. आता तिथं पण घालायची आहे.

यंदाचं बियाणं आईनं मधल्या मांच्यावर ठेवलंय, तागाच्या पोत्यात, प्लास्टिकच्या नाही. जळणासाठी दक्षिणेच्या भिंतीला बाहेरनं 3 फुटाची पडवी काढायची राहिली आहे, चार पाईप शिल्लक आहेत आणि फाटलेल्या पत्र्यातला चांगला भाग कापून ठेवलाय. वेल्डरभाऊ मार्चला येतो म्हणालाय. स्क्रूचं पाकीट मी आत्ताच आणून ठेवलंय.